बटाटा हे नाव मुळात कोणाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटाटा हे नाव मुळात बटाट्याचं नाहीच, ते रताळ्याचं आहे, असं मी एकदा घरच्या जेवणात बोलून गेलो आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात कोणी ना कोणी पकडून तेच विचारतं. दरवेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय.

म्हणजे बटाटा हा मराठी शब्द नाही?

आता आहे हो, चांगला पक्का मराठी आहे, सामान्यरूप होतं, बटाट्याची भाजी होते, कांदे-बटाटे अशी जोडी जमते, अजून काय पाहिजे. पण आला पोर्तुगीजमधून. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि ती चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये परत घेईपर्यंत दोनशे वर्षं ते आपल्या किनाऱ्यावर ठाण मांडून होते, तेवढ्या वेळात साबण, चावी, बादली, परात, फीत, घमेलं, पाव, कोबी असले रोजच्या वापरातले शब्द आपल्याकडे ठेवून गेले. त्यातलाच हा.

फक्त पोर्तुगीज माणूस म्हणतो 'बताता', दोन्ही त मऊ. परात आणि फीत आपण त ठेवूनच घेतल्या पण बताताचे दोन्ही त आपल्या तोंडात ट झाले. खाली मी तिकडचा शब्द 'बताता' असा लिहिणार आहे आणि आपला 'बटाटा', म्हणजे घोळ होणार नाही. तसा तो होणारच आहे, कारण सगळी गोष्टच घोळाची आहे.

मग शब्द पोर्तुगीजांचा?

त्यांचाही नाही आणि स्पॅनिश लोकांचाही नाही, दोघंही नुसते हमाल. बताता हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. आज जिथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे देश आहेत ते बेट, क्युबा, पोर्तो रिको, बहामा या सगळ्या भागात हे लोक राहायचे, आणि १४९२ मध्ये कोलंबस जिथे पोचला ती बेटं त्यांचीच. स्पॅनिश लोक आल्यावर रोगराई आणि गुलामी यात काही दशकांतच त्यांची संख्या पार कोसळली, भाषाही गेली, पण शब्द जगभर राहिले. हॅमॉक, कनू, बार्बेक्यू, हरिकेन हे इंग्लिशमधले शब्द ताईनोतून स्पॅनिशमार्गे आलेत. म्हणजे हॅमॉकमध्ये पडून बार्बेक्यूवर बटाटा भाजणारा माणूस एका वाक्यात तीन ताईनो शब्द वापरतो आणि त्याला पत्ताच नसतो.

तर या ताईनोंच्या भाषेत बताता म्हणजे रताळं. जमिनीतून काढायचं, भाजून खायचं, गोड. ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश इतिहासकाराने सोळाव्या शतकात त्या बेटांवरच्या कंदांबद्दल सविस्तर लिहिलंय, त्यात तो 'आखेस' आणि 'बताता' असे दोन प्रकार वेगळे करतो आणि बताता जास्त चवदार असं म्हणतो. आपला बटाटा या बेटांवर नव्हताच. तो तिथून खूप लांब, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरात होता, आणि त्याचं नाव काहीतरी वेगळंच होतं.

रताळं आणि बटाटा एकाच कुळातले नाहीत का?

अजिबात नाही. बटाटा हा वांगं, टोमॅटो, मिरची यांचा भाऊबंद. रताळं हे मॉर्निंग ग्लोरीच्या वेलाच्या कुळातलं, ती कुंपणावर सकाळी फुलणारी जांभळी कर्ण्यासारखी फुलं असतात ना, ती. शिवाय बटाटा हे जमिनीखाली फुगलेलं खोड आहे म्हणून त्याला डोळे असतात आणि डोळ्यातून कोंब येतो, आणि रताळं हे फुगलेलं मूळ. दोघांत साम्य काय, तर माती लागलेली असते आणि उकडता येतं. पण नाव ठेवणाऱ्यांना तेवढं पुरलं.

गंमत म्हणजे शास्त्रीय नावात मूळ मालकाला न्याय मिळालाय. रताळं म्हणजे आयपोमिया बटाटाज, आणि बटाटा म्हणजे सोलॅनम ट्युबरोसम. बटाट्याच्या शास्त्रीय नावात बटाटा कुठेच नाही.

मग हे नाव रताळ्यावरून बटाट्यावर कसं गेलं?

रताळं आधी पोचलं, एवढं साधं कारण आहे. कोलंबसनंतर थोड्याच वर्षांत रताळी स्पेनमध्ये आली, दक्षिणेत मलागाच्या आसपास हवा उबदार, तिथे ती छान रुजली, आणि सोळाव्या शतकात तिथली रताळी नावाजलेली होती. तेव्हा युरोपात बताता म्हटलं की रताळंच.

बटाटा मागून आला. अँडीजमध्ये, तितिकाका सरोवराच्या आसपास, लोक सात-आठ हजार वर्षांपासून तो लावत होते, आणि तिथल्या केचुआ भाषेत, म्हणजे इंका लोकांच्या भाषेत, त्याचं नाव 'पापा'. स्पॅनिश फौजा १५३० च्या दशकात तिथे पोचल्या तेव्हा त्यांनी हे नाव जसंच्या तसं उचललं. युरोपच्या बाजूला बटाट्याच्या सगळ्यात जुन्या नोंदी १५६७ च्या, कॅनरी बेटांवरून अँटवर्पला पाठवलेल्या मालात, आणि १५७३ च्या, स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या एका हॉस्पिटलच्या खरेदीच्या हिशोबात आहेत. हॉस्पिटलच्या हिशोबात बटाटा सापडावा हे मला फार आवडतं, कोणा राजाच्या मेजवानीत नाही, कोणीतरी कारकुनाने पेशंटच्या जेवणाचा खर्च लिहिताना टिपलेला.

आता बघा, एका देशात दोन परके कंद, एकाचं नाव बताता, दुसऱ्याचं पापा, दोन्ही मातीतले, दोन्ही समुद्रापलीकडून आलेले, दोन्ही नावं कानाला जवळजवळची. दोन्हींची खिचडी होऊन स्पेनमध्ये तिसराच शब्द तयार झाला, 'पताता'. पुढचा प पापाचा, मागचा ताता बताताचा. सुरुवातीला हा पताताही रताळ्यालाच म्हणायचे, पण अठराव्या शतकात स्पेनमध्ये बटाट्याची शेती वाढली तसा तो शब्द बटाट्याकडे सरकला आणि तिथेच बसला.

पापा म्हणजे पोप, म्हणून स्पेनने शब्द बदलला असं ऐकलंय, खरं का?

रंगवून सांगायला छान आहे पण याला आधार नाही. स्पॅनिशमध्ये पोपला 'एल पापा' म्हणतात आणि बटाट्याला 'ला पापा', म्हणजे पोप पुल्लिंगी आणि बटाटा स्त्रीलिंगी, आणि वडिलांना म्हणायचं तर शेवटच्या पा वर जोर. धर्मगुरूंचा अपमान नको म्हणून शब्द बदलला म्हणावं तर दक्षिण अमेरिकेतले कट्टर कॅथलिक देश आज पाचशे वर्षं पापा उकडून खातायत आणि कोणाला त्याचं काही वाटलेलं नाही. खुद्द स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांवर आणि दक्षिणेत अंदालुसियात लोक अजून पापाच म्हणतात. कॅनरीतला तो सुरकुतलेला खारट उकडलेला छोटा बटाटा असतो त्याचं नावच 'पापास आरुगादास' आहे.

आज स्पॅनिशमध्ये नक्की काय म्हणायचं?

कुठे उभे आहात त्यावर आहे. माद्रिदमध्ये असाल तर बटाटा म्हणजे पताता. मेक्सिको, पेरू, कोलंबिया, अर्जेंटिना, जवळजवळ सगळी स्पॅनिश अमेरिका, तिथे पापा. आणि रताळ्याचं तर विचारूच नका: स्पेनमध्ये आणि क्युबात 'बोनियातो', मेक्सिको आणि पेरूत 'कामोते', जो मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द, आणि अर्जेंटिनात अजूनही ताईनोंचा अस्सल 'बताता'.

यावर माझ्या मावसभावाची गोष्ट. तो कंपनीच्या कामासाठी सहा महिने ब्युनोस आयरेसला होता. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेला, तिथे प्रत्येक खोक्यात पुठ्ठ्याची पाटी आणि त्यावर मार्करने नाव आणि भाव, आणि एका पाटीवर चक्क बताता लिहिलेलं. गडी खूश, म्हणाला अरे वा, आपलाच शब्द, दोन किलो घेतला. साल जरा गुलाबी वाटली पण म्हटलं इकडची जात असेल. घरी येऊन सोलला, फोडी केल्या, मोहरी-हिंगाची फोडणी दिली, हळद, मिरची, झाकण ठेवलं, आणि पहिला घास घेऊन मावशीला व्हिडिओ कॉल: "आई, इथला बटाटा गोड आहे गं." मावशीने फोन जवळ घ्यायला सांगितला, कढईकडे बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, रताळं आहे ते." शेजारच्याच खोक्यात पापा अशी पाटी होती, ती त्याने बघितली होती, पण ते कोणाचं तरी आडनाव असेल असं त्याला वाटलं.

आणि पोर्तुगीजमध्ये?

तिथे शब्द एकच राहिला आणि अर्थ पूर्ण उलटा फिरला. पापा त्यांनी बटाट्यासाठी घेतलाच नाही. आधी बताता म्हणजे रताळं, मग बटाटा आला आणि इतका पसरला की नाव त्याने बळकावलं, आणि बिचाऱ्या मूळ मालकाला शेपूट लावून घ्यावी लागली, 'बताता दोसी', म्हणजे गोड बटाटा. ब्राझीलमध्ये तर साध्या बटाट्याला 'बताता इंग्लेझा' म्हणतात, इंग्रजी बटाटा. अँडीजचा कंद, ब्राझीलच्या जवळजवळ शेजारचा, आणि नावात इंग्रज!

पण माझं आवडतं उदाहरण मदेइरा बेटाचं. हे बेट पोर्तुगालचंच, भाषा पोर्तुगीजच, पण तिथे बटाट्याला 'सेमिल्या' म्हणतात, स्पॅनिश 'सेमिया' म्हणजे बी, बियाणं, त्यावरून, आणि बताता म्हणजे अजूनही रताळं. लिस्बनहून आलेला पाहुणा मदेइरात बताता मागतो आणि त्याच्या ताटात रताळं येतं, एकाच देशात, एकाच भाषेत.

इंग्लिश पोटॅटो याच घरातला का?

हो, स्पॅनिश बताता-पतातावरूनच. आणि तिथेही तीच गोष्ट, सोळाव्या शतकात इंग्रज पोटॅटो म्हणायचे ते रताळ्याला. पुढे बटाट्याने नाव घेतलं आणि रताळ्याला स्वीट पोटॅटो व्हावं लागलं, पोर्तुगीजांसारखंच.

याचा एक उपयोग सांगतो. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला इंग्रज राजदूत टॉमस रो, त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता, आणि त्याने बादशहाचा मेहुणा आसफखान याच्या मेजवानीचं वर्णन करताना पोटॅटो खाल्ल्याचं लिहिलंय. यावरून लोक बिनधास्त सांगतात की मुघलांच्या ताटात सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच बटाटा होता. थांबा जरा. त्या काळच्या इंग्रजाच्या तोंडातला पोटॅटो म्हणजे रताळं असण्याचीच शक्यता जास्त. जुन्या कागदात नाव सापडलं म्हणजे वस्तू सापडली असं होत नाही, निदान या शब्दाच्या बाबतीत तरी नाही.

पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे सगळीकडे बताता म्हणजे बटाटाच का?

नाही ना, म्हणूनच मजा. श्रीलंका बघा. पोर्तुगीज तिथे १५०५ मध्ये पोचले आणि १६५८ मध्ये डचांनी त्यांना हाकललं. सिंहली भाषेत आज 'बतल' म्हणजे रताळं. आणि बटाटा? 'अर्तापल्', डच 'आर्दापल' वरून, ज्याचा अर्थ जमिनीतलं सफरचंद. म्हणजे पोर्तुगीजांकडून शब्द घेतला रताळ्यासाठी, तो तसाच जपला, आणि बटाट्याला दुसऱ्या मालकाचं नाव दिलं. आपण आणि सिंहली लोक, दोघांनी एकाच लोकांकडून एकच शब्द घेतला आणि वेगवेगळ्या कंदाला चिकटवला.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश होते. मेक्सिकोच्या आकापुल्कोहून मनिलाला गलबतं जायची, त्यामुळे तिथे रताळं म्हणजे मेक्सिकोचा 'कामोते' आणि बटाटा म्हणजे स्पेनचा 'पतातास'. शब्द बघून बोटीचा रस्ता कळतो.

मग आपण रताळ्याला बटाटा का नाही म्हटलं?

कारण त्याला आपल्याकडचं जुनं नाव तयार होतं. संस्कृतमध्ये 'आलु' म्हणजे खायचा कंद, कुठलाही, आणि 'रक्तालु' म्हणजे लाल कंद, त्याचं रताळू, रताळं झालं. गुजराती लोक अजून उंधियुत रतालू घालतात ते आपलं कोनफळ, जांभळं. आपण ते नाव नव्या गोड पाहुण्याला दिलं.

तो आलु शब्द उत्तरेत बटाट्याला लागला म्हणून हिंदीत आलू, बंगालीतही आलूच. आणि आपल्याकडे? अळू. हो, ज्याच्या वड्या आणि फदफदं करतो तेच, तेही त्याच घरातलं. आलुबुखारा मात्र वेगळा, तिथला आलू फारसी, म्हणजे प्लमसारखं फळ, बुखाऱ्याचं. त्याचा यात काही संबंध नाही, पण दरवेळी कोणीतरी विचारतंच.

विदर्भात बटाट्याला आलूच म्हणतात, आलूबोंडा वगैरे. माझी वहिनी नागपूरची, लग्न होऊन पुण्याला आल्यावर पहिल्यांदा मंडईत गेली आणि म्हणाली, "मावशी, अर्धा किलो आलू द्या." मावशींनी हिरवीगार अळूची जुडी उचलून हातात दिली, "किलोवर नाही ताई, जुडीवर आहे." वहिनी म्हणे मला वाटलं पुण्यात बटाटे पानासकट विकतात.

उपवासाला बटाटा चालतो, तो तर परदेशी आहे ना?

हा प्रश्न नेहमी कोणीतरी काका विचारतात आणि विचारताना त्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असते. तर ऐका: बटाटा अमेरिका खंडातला, रताळं तिकडचं, साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून आपल्याकडे करतात तो तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची, आणि राजगिऱ्याच्या लाडवातला राजगिराही तिकडचाच. ताटात आपलं म्हणावं असं काय उरतं तर वरीचे तांदूळ, शिंगाडा आणि दही. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, त्यातली निदान दीडपट कोलंबसानंतरची. चालतं की नाही ते तुम्ही घरी आजीला विचारा, मी त्यात पडत नाही.

या शब्दावरून तिकडे काही म्हणी, शिव्या वगैरे आहेत का?

भरपूर. पोर्तुगीजमध्ये कोणाला कटवायचं असेल तर म्हणतात 'वा प्लांतार बताताश', जा बटाटे लाव जा, म्हणजे आपलं 'गेलास उडत'. ब्राझीलमध्ये पायाच्या पोटरीला 'बताता दा पेर्ना' म्हणतात, पायाचा बटाटा, आणि एकदा हे कळलं की फुटबॉलची मॅच बघताना प्लेयरच्या पोटऱ्यांकडे वेगळ्याच नजरेने बघितलं जातं. स्पेनमध्ये फोटो काढताना आपण चीज म्हणतो तसं 'पताता' म्हणतात, आणि एखादी गोष्ट टुकार असेल तर ती 'पताता' आहे असंही म्हणतात. लॅटिन अमेरिकेत 'नी पापा' म्हणजे ओ की ठो कळत नाही. अर्जेंटिनात माणूस लाजून गोंधळला, तोंडातून शब्द फुटेना, की तो 'अबाततादो' झाला, म्हणजे सरळ रताळावला. हा शब्द मराठीत आणायला माझी काही हरकत नाही, वधूपरीक्षेच्या प्रसंगाला फार उपयोगी पडेल.

त्या दोन किलो रताळ्यांचं पुढे काय झालं?

मावशीने फोनवरून किस सांगितला. जिरं, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, थोडंसं मीठ, वरून लिंबू. त्याचा अर्जेंटिनाचा रूममेट आला, वाटीत डोकावला, म्हणाला आम्ही बताताचा घट्ट गोड जॅमसारखा पदार्थ करतो आणि चीजच्या तुकड्यावर ठेवून खातो, हे तिखट कुठून काढलंस. दोघांनी मिळून कढई संपवली. उरलेलं दीड किलो मात्र फ्रीजमध्ये आठवडाभर पडून होतं, आणि नंतर सहा महिने तो भाजीवाल्याकडे गेला की आधी खोक्यात हात घालून साल नखाने खरवडायचा, मग पाटी वाचायचा.